बुलिट पेपर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रॉइडचा विषय निघो, स्टालिनचा निघो नाहीतर पॅरिस पडलं त्याचा, विल्यम बुलिट हे नाव कुठूनतरी उगवतंच आणि मग लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं काही नाही, ज्याला जो प्रश्न पडलाय त्यानं तो बघावा.

हा बुलिट नक्की कोण?

विल्यम ख्रिश्चन बुलिट, जन्म २५ जानेवारी १८९१, फिलाडेल्फियाच्या गडगंज घराण्यातला. येलला शिकला, हार्वर्डला कायदा शिकायला गेला, तो मधेच सोडून घरी आला आणि गावातल्याच पब्लिक लेजर पेपरात बातमीदार म्हणून चिकटला. १९१५ च्या डिसेंबरात हेन्री फोर्डनं युद्ध थांबवायचं म्हणून शांततावादी मंडळी एका जहाजात भरून युरोपला धाडली होती, त्या जहाजावर हा पेपरतर्फे होता आणि तिथून त्यानं त्या सगळ्या प्रकाराची यथेच्छ टर उडवली. पुढच्या वर्षी नवी नवरी अर्नेस्टा हिला घेऊन गेला कुठं तर ऐन युद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीला, हनिमूनचा हनिमून आणि मुलाखतींच्या मुलाखती. (तिनं त्या प्रवासाची डायरी १९१७ मध्ये छापली, ती आजही वाचायला मजा येते, नवऱ्यापेक्षा बाईंची नजर तिखट आहे असं माझं मत.)

१९१७ मध्ये परराष्ट्र खात्यात शिरला, १९१९ ला पॅरिसच्या शांतता परिषदेत गेला, तिथून गुपचूप मॉस्कोला, मग भांडून राजीनामा. त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षं सरकारबाहेर: एक कादंबरी, दुसरं लग्न, फ्रॉइडशी दोस्ती. १९३३ मध्ये रूझवेल्टनं त्याला सोव्हिएत युनियनमधला अमेरिकेचा पहिला राजदूत केलं, १९३६ ते १९४० फ्रान्समध्ये राजदूत. मग रूझवेल्टशी फाटलं आणि उरलेलं आयुष्य लाइफ मासिकातून आणि पुस्तकातून कम्युनिस्टांविरुद्ध रान उठवण्यात गेलं. १५ फेब्रुवारी १९६७ ला पॅरिसजवळ नईला वारला.

त्याचे कागद कुठे आहेत?

अमेरिकेत, न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या स्टर्लिंग मेमोरियल लायब्ररीत. तिथला मॅन्युस्क्रिप्ट्स अँड आर्काइव्ह्ज विभाग ते सांभाळतो, कलेक्शन नंबर एमएस ११२. ज्यांनी पुण्यात पेशवे दफ्तर पाहिलंय त्यांना रुमालांची सवय असते, इथं रुमालाऐवजी बॉक्स आणि बॉक्सात फोल्डर एवढाच फरक. कागद मागवताना आणि तळटीप देताना दोन्ही नंबर लागतात त्यामुळे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायची सवय लावा, नंतर फोटोंच्या ढिगाऱ्यात कुठला कागद कुठला हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

मग जुन्या पुस्तकांत या कागदांचा उल्लेख एवढा कमी का?

कारण बरीच वर्षं हे कागद घरच्यांकडे होते आणि अभ्यासकांना त्यांचं दर्शन दुर्लभ होतं. बुलिटची एकुलती एक मुलगी अ‍ॅन आयर्लंडमध्ये राहायची, घोड्यांच्या नादात, आणि वडिलांबद्दल ती फार हळवी होती. १९७२ मध्ये बुलिटचा भाऊ ऑर्व्हिल यानं रूझवेल्टबरोबरचा पत्रव्यवहार छापला, 'फॉर द प्रेसिडेंट, पर्सनल अँड सीक्रेट' या नावानं, प्रस्तावना जॉर्ज केननची. खूप वर्षं लोकांचं काम याच पुस्तकावर चाललं. पुस्तक चांगलंच आहे पण शेवटी भावानं निवडलेली पत्रं ती, घरातल्या माणसानं निवडलेलं म्हटल्यावर काय गाळलं असेल हा प्रश्न डोक्यात ठेवूनच वाचायचं. म्हणजे बुलिटवरचं पुस्तक हातात आलं की आधी ते कधी छापलंय ते बघा आणि लेखकानं येलचे मूळ कागद पाहिलेत की नुसतं ऑर्व्हिलचं पुस्तक, ते तळटिपांत शोधा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

त्यात आहे काय काय?

पत्रं, मुख्यतः पत्रं. रूझवेल्ट, विल्सनचा सल्लागार कर्नल हाऊस, मॉस्को-पॅरिसचे सहकारी, फ्रेंच पुढारी, घरचे. भाषणांचे खर्डे, लेखांचे खर्डे, कादंबरी-नाटकांचे खर्डे, फोटो, कात्रणं. आणि फ्रॉइडबरोबर लिहिलेल्या पुस्तकाचं हस्तलिखित, त्याचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा माणूस हाडाचा बातमीदार. राजदूत झाला तरी त्याची पत्रं बातमीपत्रासारखीच आहेत, सीन उभा करतो, संवाद टाकतो, शेवटी एक चुरचुरीत वाक्य फेकतो. वाचायला बहार येते आणि धोका नेमका तिथंच आहे, कारण इतकं गोळीबंद लिहिलेलं असलं की माणूस तपासायचं विसरतो. बातमी जशी दुसऱ्या सोर्सकडून खात्री करून घेतात तशीच याची पत्रं घ्यायची. सुदैवानं दुसरे सोर्स भरपूर आहेत.

१९१९ मध्ये लेनिनला भेटला होता म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं. वय २८. फेब्रुवारीत पॅरिसहून निघाला, सोबत पत्रकार लिंकन स्टेफन्स आणि लष्करी गुप्तवार्ता खात्याचा एक कॅप्टन, मार्चमध्ये पेट्रोग्राड-मॉस्कोत पोचला. लेनिनशी बोलून तहाच्या अटी घेऊन आला: रशियातल्या सगळ्या सरकारांनी जिथं आहेत तिथं थांबायचं, लढाई बंद, नाकेबंदी उठवायची, परदेशी फौजा परत न्यायच्या, आणि या अटींवर १० एप्रिलपर्यंत दोस्त राष्ट्रांकडून प्रस्ताव आला पाहिजे. पॅरिसला परत येऊन बघतो तर अमेरिकेचा अध्यक्ष वुड्रो विल्सन भेटायला तयार नाही, डोकं दुखतंय म्हणे, आणि ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्जनं तर पार्लमेंटात हात झटकले की असा काही प्रस्ताव आपल्याकडे आलेलाच नाही. १० एप्रिल आली आणि गेली. पोराच्या तोंडाला पानं पुसली सरळ.

१७ मे १९१९ ला त्यानं राजीनामा दिला, पत्र थेट विल्सनला. दोन दिवसांनी, १९ मे रोजी, परराष्ट्रमंत्री लान्सिंगशी त्याचं बोलणं झालं, त्यात लान्सिंग लीग ऑफ नेशन्सबद्दल, म्हणजे तहातून उभ्या राहणाऱ्या राष्ट्रसंघाबद्दल, मनातलं बोलून बसला की सध्याच्या रूपात ती निरुपयोगी आहे वगैरे. बुलिटनं ते टिपून ठेवलं. आणि १२ सप्टेंबरला सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर, म्हणजे विल्सनचा हाडवैरी हेन्री कॅबट लॉज जिथं अध्यक्ष होता तिथं, ते टिपण वाचून दाखवलं. त्या वेळी विल्सन रेल्वेनं देशभर फिरून व्हर्सायच्या तहासाठी भाषणं ठोकत होता आणि त्याचाच परराष्ट्रमंत्री खासगीत काय म्हणतो ते सगळ्या पेपरांत छापून आलं. त्याच महिन्याच्या शेवटाला विल्सन कोसळला, पुढं सिनेटनं तह फेटाळला, लान्सिंगची खुर्ची फेब्रुवारी १९२० मध्ये गेली. एकट्या बुलिटमुळे हे झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तह तसाही अडचणीत होता, पण बोलणं झालं रे झालं की टिपण करून ठेवायची ही बातमीदारी सवय किती महागात पडू शकते ते लान्सिंगला विचारा.

ती साक्ष आणि मॉस्कोचा रिपोर्ट त्याच वर्षी 'द बुलिट मिशन टु रशिया' म्हणून पुस्तकरूपानं आला, कॉपीराइट संपलाय, गुटेनबर्गवर फुकट आहे. येलला जायच्या आधी हे वाचलं नसेल तर जाऊ नका.

टिळकही तेव्हा विल्सनला लिहीत होते ना? ते यात सापडेल का?

टिळक तेव्हा लंडनमध्ये होते, पॅरिसला जायला सरकारनं पासपोर्ट दिला नाही, म्हणून तिथूनच विल्सनला आणि फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सो याला हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाबद्दल लिहिलं. विल्सनच्या सेक्रेटरीकडून उत्तर आलं, योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील अशा छापाचं. काळ तोच, परिषद तीच, पण शोधायचं असेल तर विल्सन पेपर्समध्ये शोधा, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. बुलिटच्या डोक्यात त्या महिन्यांत रशियाशिवाय दुसरं काही नव्हतं.

स्टालिननं त्याचा मुका घेतला हे काय प्रकरण?

डिसेंबर १९३३, क्रेमलिनमध्ये संरक्षण खातं सांभाळणाऱ्या व्होरोशिलोव्हकडे जेवण, टोस्टवर टोस्ट. स्टालिन म्हणाला रात्री-अपरात्री कधीही भेटायचं असेल तर फक्त निरोप द्या. आणखी काही हवंय का विचारल्यावर बुलिटनं नदीकाठच्या टेकडीवर वकिलातीसाठी जागा मागितली, दिली म्हणून समजा असं उत्तर आलं आणि निघताना स्टालिननं त्याचं डोकं धरून मुका घेतला, यानंही परत दिला. हे सगळं बुलिटनं रूझवेल्टला लिहिलेल्या लांबलचक पत्रात आहे, ऑर्व्हिलच्या पुस्तकात छापलंय.

पुढं काय झालं ते बघा म्हणजे त्या पत्राची किंमत कळते. टेकडीवरची वकिलात कधी उभी राहिली नाही. स्टालिनचं दार रात्री सोडा, दिवसाही उघडेना. बुलिटनं रेड आर्मीच्या घोडदळाला पोलो शिकवला, बेसबॉलचं सामान मागवलं, पण रशियाकडे थकलेल्या जुन्या अमेरिकन कर्जाचा प्रश्न अडकला आणि १९३५ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत कॉमिन्टर्नची, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेची, काँग्रेस भरली तेव्हा तर अमेरिकेच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही हा शब्दही मोडला. १९३४ ची पत्रं आणि १९३६ ची पत्रं शेजारी ठेवून वाचली तर एकाच माणसाची वाटत नाहीत. माझ्या मते अख्ख्या कलेक्शनमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, प्रेमभंग कसा तारखेवार दिसतो ते.

बुल्गाकोव्हच्या कादंबरीतला सैतानाचा बॉल म्हणजे बुलिटची पार्टी का?

एप्रिल १९३५ मध्ये स्पासो हाउसमध्ये, म्हणजे राजदूताच्या बंगल्यात, वसंतोत्सवाची पार्टी झाली. हॉलमध्ये बर्चची झाडं, प्राणिसंग्रहालयातून आणलेल्या बकऱ्या, कोंबडे, जाळ्यात सोडलेले पक्षी आणि अस्वलाचं एक पिल्लू. बोल्शेविक पत्रकार रादेकनं त्या पिल्लाला शॅम्पेन पाजली आणि त्यानं ती एका सोव्हिएत सेनाधिकाऱ्याच्या युनिफॉर्मवर ओकली, पक्षी सुटून घरभर झाले, सकाळपर्यंत नाच. पाहुण्यांमध्ये 'मास्टर अँड मार्गारिटा' लिहिणारा मिखाईल बुल्गाकोव्ह आणि त्याची बायको येलेना होती, तिनं डायरीत लिहून ठेवलंय. कादंबरीतल्या बॉलमागं ही रात्र आहे असं बहुतेक सगळे अभ्यासक धरून चालतात.

आता गंमत अशी की या एका रात्रीचे निदान तीन साक्षीदार लिहिणारे निघाले. बुलिटनं रूझवेल्टला लिहिलं त्यात पार्टी झकास आणि अगदी सभ्य झाली असा सूर आहे. वकिलातीतला चार्ल्स थेयर, ज्याच्या गळ्यात प्राणी आणायचं काम पडलं होतं, त्यानं नंतर आठवणीत जो गोंधळ सांगितलाय तो वाचून हसू आवरत नाही. आणि येलेनाच्या डायरीत कुणी कोणते कपडे घातले होते ते आहे. अस्वलाचं प्रकरण बॉसला कोण कळवतो हो.

फ्रॉइडबरोबरचं पुस्तक बनावट आहे असं ऐकलं, खरं काय?

बनावट नाही, पण सरळही नाही. १९३० च्या सुमारास दोघांनी वुड्रो विल्सनचं मानसशास्त्रीय चरित्र लिहायचं ठरवलं. दोघांचाही विल्सनवर राग, फ्रॉइडला व्हर्सायच्या तहाचा आणि बुलिटला वर सांगितलेल्या अपमानाचा. बुलिटनं माहिती आणि मुलाखती गोळा केल्या, मजकूर झाला, शेवटी वाद झाला, मग तडजोड झाली आणि प्रकरणांवर दोघांच्या सह्या झाल्या. छापायचं मात्र थांबवलं, विल्सनची दुसरी बायको एडिथ जिवंत होती तोपर्यंत. ती गेली डिसेंबर १९६१ मध्ये. पुस्तक बाजारात आलं ते थेट १९६६-६७ च्या सुमाराला, म्हणजे फ्रॉइडला जाऊन सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाल्यावर आणि बुलिट स्वतः मरायला टेकला असताना. आल्या आल्या धुलाई झाली. एरिक एरिकसनसारख्या मनोविश्लेषकांनी म्हटलं की ही भाषा फ्रॉइडची नाहीच, फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना हीही नाखूश होती. झालं, तेव्हापासून "फ्रॉइडचं नाव वापरून बुलिटनं स्वतःचं घोडं दामटलं" हे सर्वमान्य मत.

मग फ्रेंच इतिहासकार पॅट्रिक वेल यांना येलच्या बुलिट पेपर्समध्ये मूळ हस्तलिखित मिळालं, १९३० च्या दशकातलं, ज्यावर काम दोघांनी केलं होतं. छापलेल्या पुस्तकाशी ताडून बघितल्यावर शेकडो ठिकाणी बदल आणि गाळागाळ दिसली, आणि ती बुलिटनं शेवटी शेवटी केलेली, विल्सनच्या सुप्त समलैंगिकतेबद्दलचा मजकूर त्यात गेला. वेल यांचं त्यावरचं पुस्तक २०२३ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं. म्हणजे पन्नास वर्षं लोक ज्या मजकुरावरून फ्रॉइडचा हात होता की नव्हता याचा निवाडा करत होते तो मजकूर फ्रॉइडनं पाहिलेलाच नव्हता. पुरावा कुणी लपवला नव्हता, बॉक्समध्ये पडून होता, उघडून ताडून बघायचे कष्ट घ्यायचे होते. आणि बुलिटनं स्वतः मूळ प्रत जाळली नाही, ठेवली, याचं मला त्याच्याबद्दल थोडं कौतुकच वाटतं.

फ्रॉइडला व्हिएन्नातून त्यानंच बाहेर काढलं ना?

त्यानं एकट्यानं नाही. मार्च १९३८ मध्ये नाझी ऑस्ट्रियात घुसल्यावर बुलिटनं पॅरिसहून रूझवेल्टपर्यंत शब्द टाकला, व्हिएन्नात अमेरिकन वकिलातीचा जॉन वायली पाठपुरावा करत होता, पैसा आणि ओळखी फ्रॉइडची शिष्या राजकन्या मारी बोनापार्टच्या, ब्रिटनमध्ये खटपट करणारा मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स. ४ जूनला फ्रॉइड निघाला, दुसऱ्या दिवशी पॅरिस स्टेशनवर उतरवून घ्यायला बोनापार्ट आणि बुलिट दोघंही हजर. फोटो आहेत.

१९४० ला सगळे पळाले आणि हा पॅरिसमध्ये थांबला, शहाणपणा की वेडेपणा?

फ्रेंच सरकारनं १० जूनला पॅरिस सोडलं, जर्मन १४ तारखेला आत आले, बुलिट जागचा हलला नाही. अमेरिकेचा राजदूत पॅरिस सोडून पळत नाही, दहशतीच्या काळात मॉरिस थांबला, १८७० च्या वेढ्यात वॉशबर्न थांबला, १९१४ ला हेरिक थांबला, मी पण थांबणार, असा त्याचा बाणा. शहर बेचिराख झालं नाही यात त्याच्या मध्यस्थीचा थोडा वाटा आहेच. पण त्याच दिवसांत फ्रेंच सरकार जिथं हललं होतं त्या तूर आणि बोर्दोला शरणागतीचा निर्णय होत होता, तिथं अमेरिकेचा सगळ्यात वजनदार माणूस हजर नव्हता, आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी नंतर हीच तक्रार केली. मला हलचं म्हणणं पटतं.

नेटवर एक ठरावीक पोस्ट फिरते की बुलिटनंच दुसरं महायुद्ध पेटवलं. त्यात काही तथ्य?

त्या पोस्टचं मूळ बर्लिनमध्ये आहे. वॉर्सा घेतल्यावर जर्मनांना पोलिश परराष्ट्र खात्याचे कागद मिळाले आणि मार्च १९४० मध्ये त्यांनी त्यातले निवडक छापले, त्यात पोलिश राजदूत पोटोत्स्की आणि लुकासिएविच यांनी बुलिटशी झालेल्या बोलण्याचे रिपोर्ट केलेत, अमेरिका शेवटी तुमच्या बाजूनं उतरेल वगैरे. बुलिटनं इन्कार केला. कागद बहुतांशी अस्सल असावेत असं इतिहासकार मानतात, निवड मात्र गोबेल्सछाप. म्हणजे बुलिट फुशारक्या मारत होता हे पटण्यासारखं आहे, कारण सगळीकडेच मारायचा, पण जेवणावर मारलेल्या फुशारकीनं पोलंडवर हल्ला होत नाही, तो हिटलरनं केला.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणं कागदावर नाहीच असं म्हणतात, म्हणजे काय?

टेलिफोन. पॅरिसहून तो रूझवेल्टला सरळ फोन लावायचा. १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ल्याची बातमी रूझवेल्टला पहाटे तीनच्या आत कळली ती बुलिटच्याच फोनवरून. अशा बोलण्याची खूण कधी दुसऱ्या दिवशीच्या तारेत मिळते, कधी समोरच्याच्या डायरीत, कधी कुठंच नाही. त्यामुळे फोल्डर रिकामा दिसला म्हणून त्या आठवड्यात काही घडलं नाही असं लिहून मोकळं होऊ नका.

रूझवेल्टशी कशावरून फाटलं?

सम्नर वेल्सवरून. तो परराष्ट्र खात्यात दोन नंबरचा, रूझवेल्टचा घरोब्याचा, बुलिटचा शत्रू. १९४० मध्ये रेल्वेत वेल्सनं दारूच्या नशेत पोर्टर पुरुषांकडे शरीरसुखाची मागणी केल्याची कागदपत्रं बुलिटच्या हाती लागली आणि १९४१ मध्ये ती घेऊन तो रूझवेल्टकडे गेला. वेल्सची खुर्ची १९४३ मध्ये गेली पण रूझवेल्टनं बुलिटला कायमचं तोडलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या महापौरपदाला उभा राहिला, पडला. मग ५३ व्या वर्षी फ्रेंच फौजेत जाऊन भरती झाला. या प्रकरणातले कागद वाचताना पोटात ढवळतं, देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली सूड चाललाय हे लपत नाही. मॉस्कोच्या पत्रांत ज्यू लोकांबद्दलचे घाणेरडे शेरेही आहेत, फ्रॉइडला वाचवणारा तोच हा माणूस. दोन्ही लिहायचं, एक झाकून दुसरं दाखवायचं नाही.

त्याच्या लाइफमधल्या लेखांवर किती विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. २९ जानेवारी १९४३ ला बुलिटनं रूझवेल्टला एक लांब पत्र लिहिलं: स्टालिन बदललेला नाही, लाल सेना जिथं पोचेल तिथं कम्युनिस्ट राज्य येईल, त्याला आपली गरज आहे तोवरच त्याच्याकडून शब्द घ्या आणि बाल्कनमधून शिरा. हे पत्र आहे, तारीख आहे, त्यावेळी लिहिलंय, आणि खूपसं खरं ठरलं हे मान्यच केलं पाहिजे.

आता १९४८. लाइफमध्ये त्याचा दोन भागांत लेख आला, युद्ध जिंकलं पण शांतता हरलो अशा अर्थाचा. त्यात तो सांगतो की त्या पत्रानंतर रूझवेल्ट त्याला म्हणाला, तुझा तर्क बरोबर असेल पण मला आतून वाटतं की स्टालिन तसला माणूस नाही, त्याला सगळं दिलं आणि बदल्यात काही मागितलं नाही तर तो खानदानीपणानं वागेल. हे बोलणं तेव्हापासून हजार पुस्तकांत उद्धृत झालंय. पण पुरावा काय? एकट्या बुलिटचा शब्द, पाच वर्षांनी, रूझवेल्ट १९४५ मध्येच वारलेला, लिहिणारा तोवर डेमोक्रॅटांवर उखडलेला आणि लेख निवडणुकीच्या वर्षातला. खोटंच आहे असं नाही म्हणत मी, रूझवेल्ट तसं बोलला असेलही, इतरांपाशीही तो साधारण याच वळणाचं बोलायचा. पण पत्राला जेवढं वजन तेवढं या आठवणीला देता येत नाही. पत्र लिहिणारा माजी राजदूत होता, लेख लिहिणारा प्रचारक, सही दोघांची सारखीच.

लुईज ब्रायंटचे कागद यातच आहेत का?

नाही, वेगळं कलेक्शन, पण येललाच, एमएस १८४०, मुलगी अ‍ॅनकडूनच आलेलं. लुईज स्वतः रशियन क्रांतीची बातमीदार, जॉन रीडची विधवा. १९२३ च्या शेवटाला बुलिटशी लग्न, १९२४ मध्ये अ‍ॅन, १९३० मध्ये घटस्फोट आणि मुलगी बापाकडे. १९३६ च्या जानेवारीत पॅरिसजवळ वारली तेव्हा आजारी, एकटी होती. घटस्फोटाची बाजू बुलिटच्या कागदांवरून वाचली तर फक्त त्याचीच ऐकू येते, म्हणून दोन्ही कलेक्शन एकाच फेरीत मागवा. रीडचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत.

घरबसल्या काय बघता येतं?

पुष्कळ. येलच्या आर्काइव्ह्जची ऑनलाइन यादी फोल्डरपर्यंत उघडते, आधी तीच चाळा आणि जिथं डिजिटल लिंक दिसेल तिथं क्लिक करा. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयानं अधिकृत तारा आणि रिपोर्ट छापलेत ते फुकट आहेत, त्यातला १९३३ ते १९३९ सोव्हिएत युनियनचा खंड म्हणजे बुलिटचीच वखार. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कची रूझवेल्ट लायब्ररी, तिथल्या अध्यक्षांच्या सेक्रेटरीच्या फायली स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, त्यात बुलिटची पत्रं पोचलेल्या रूपात मिळतात. येलमधली कार्बन कॉपी आणि हाइड पार्कमधली पोचलेली प्रत ताडून बघायला एक संध्याकाळ पुरते.

प्रत्यक्ष जायचं असेल तर?

कुठल्या विद्यापीठाचं पत्र वगैरे लागत नाही, कुणीही जाऊ शकतं. ऑनलाइन नाव नोंदवायचं, फोटो आयडी न्यायचं, बॉक्स काही दिवस आधी मागवून ठेवायचे, कारण सगळं सामान त्याच इमारतीत नसतं. पेन बाहेर, पेन्सिल आत. बॅग लॉकरमध्ये. फोननं फोटो काढता येतात पण फ्लॅश बंद. एका वेळी टेबलावर एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही, यात तिथले लोक फार कडक आहेत, आणि असायलाच पाहिजेत.

मजकूर बहुतेक टाइप केलेला आहे त्यामुळे अक्षर लावत बसायचं दुखणं कमी. फ्रेंच मात्र थोडं तरी येत असेल तर बरं.

पत्रांचा मराठी अनुवाद करून छापता येईल का?

कागद लायब्ररीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. अमेरिकन कायद्यानं न छापलेल्या लिखाणाला लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे, बुलिट १९६७ मध्ये गेला म्हणजे २०३७ संपेपर्यंत. त्याला आलेल्या पत्रांचा हक्क त्या त्या लिहिणाऱ्याचा, फ्रॉइडच्या पत्राला वेगळी परवानगी, दुसऱ्या कुणाच्या पत्राला आणखी वेगळी. सरकारी नोकरीत असताना पाठवलेल्या अधिकृत तारा मात्र मोकळ्या आहेत आणि १९१९ चं पुस्तक अमेरिकेत मोकळं आहे. अनुवादाची हौस असेल तर तिथूनच सुरू करा, सिनेटमधली साक्ष सवालजवाबाच्या रूपात आहे, मराठीत झकास उतरेल, आणि लॉजनं विचारलेले प्रश्न मराठीत कसे आणायचे यावर डोकं चालवायलाही मजा येईल.